आलेखावरची रेषा कोणत्या आकड्याची?

पावसाळा सुरू झाला की सुरतेत दोन आकड्यांची चौकशी घरोघरी होते. एक उकाई जलाशयाची पातळी आणि दुसरा होप पुलापाशी तापीची पातळी. उकाईची पूर्ण संचय पातळी ३४५ फूट आणि होप पुलाची धोक्याची पातळी ९.५ मीटर, हे येथील रिक्षावाल्यालाही तोंडपाठ असते. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव खानदेशात आहे त्यांना तर तिसराही आकडा कळतो. भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, हे गावाकडील नातेवाईक दूरध्वनीवरून आधी सांगतात आणि ते पाणी प्रकाशावरून उकाईत केव्हा पोहोचेल याचा हिशेब येथे सुरू होतो.

परंतु नुसता आकडा माणसाला फारसे काही सांगत नाही. ३३७ फूट ही बातमी चांगली की वाईट? ऑक्टोबरात ती चांगली, कारण धरण भरत आले आणि उन्हाळ्याची चिंता कमी झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीच काळजीची, कारण पावसाचे दिवस पुष्कळ बाकी आहेत. म्हणूनच उकाईसाठी ‘रूल लेव्हल’ ठरवलेली असते. तारखेगणिक चढत जाणारी ती एक पायऱ्यापायऱ्यांची रेषा आहे; अमुक तारखेस पाणी याहून वर ठेवू नये, असे ती सांगते. ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडले गेले आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. त्यानंतर जो वाद दीर्घकाळ चालला, तो पावसाच्या आकड्यांपेक्षा या रेषेविषयी अधिक होता: पाणी रेषेच्या वर राहू दिले गेले का, आणि दिले असल्यास कोणाच्या निर्णयाने?

धरणाचा विषय येथे एवढ्यापुरताच. आपल्या दवाखान्यांतही रोज पातळ्या मोजल्या जातात. रुग्णाची साखर, रक्तदाब, गर्भवतीचे हिमोग्लोबिन, महिनाभरात आलेले तापाचे रुग्ण, हे सर्व आपण वहीत लिहीत आलो आणि आता पुष्कळ जण ते संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरतात. आकडे निवडून दोन कळा दाबल्या की सुबक आलेख तयार होतो. मर्यादेची रेषा मात्र संगणक आपणहून काढीत नाही, कारण मर्यादा त्याला ठाऊक नसते. ती आपल्याला घालावी लागते आणि ती कशी घालावी व कोणत्या आकड्यावर घालावी, येथे बहुतेकांची वाट चुकते. माझीही चुकली होती. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

माझा दवाखाना उधना भागात आहे. लूमच्या खात्यांत आयुष्य घालवलेली खानदेशी मंडळी माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांपैकी एक वयस्क गृहस्थ कारखान्यात मास्तर म्हणून काम करून निवृत्त झालेले. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मधुमेह दहा वर्षांचा. माणूस अत्यंत हिशेबी. उपाशीपोटीच्या साखरेचे आकडे तारखेसह वहीत लिहून आणीत. अशा रुग्णाला आलेख दाखवला तर त्याची उमेद वाढेल, असे मला वाटले. मी त्यांचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले, स्तंभालेख केला आणि १३० च्या जागी एक लाल रेषा ओढली. ती ओढण्याची माझी पद्धत सोपी होती. ‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘शेप्स’मधील सरळ रेघ उचलली आणि उभ्या अक्षावरील १३० समोर नजरेने टेकवली. कागद छापून मास्तरांच्या हाती दिला व सांगितले, “या रेषेच्या खाली यायचे.”

त्यांचे आकडे १४० ते १९० च्या दरम्यान फिरत होते, त्यामुळे आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून २०० पर्यंत होता. पुढे शरद पौर्णिमा आली आणि दुसऱ्या दिवशीचा चंदनी पडवाही आला. सुरतेत तीस-चाळीस वर्षे राहून त्या दिवशी घारीला नाही म्हणणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यातच मास्तरांच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या आठवडाभर आणल्या गेल्या नाहीत. एक आकडा ३१० चा आला. तो तक्त्यात भरताच संगणकाने आपले काम चोख केले. उंच स्तंभ मावावा म्हणून त्याने अक्ष ३५० पर्यंत वाढवला आणि आधीचे सगळे स्तंभ त्या प्रमाणात बुटके झाले. लाल रेषा मात्र जागची हलली नाही, कारण ती आलेखाची नव्हतीच. आलेखावर ठेवलेली ती एक काडी होती. पूर्वी ती अक्षाच्या उंचीच्या ६५ टक्क्यांवर होती, तेथेच राहिली. फक्त त्या जागी आता १३० ऐवजी सुमारे २२७ हा आकडा येत होता.

पुढच्या खेपेस मास्तरांची साखर २१० होती आणि त्यापुढच्या खेपेस २१५. नवा छापील कागद हाती घेऊन ते आनंदाने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आलो की रेषेच्या खाली!” बाहेर गर्दी होती. मी कागदाकडे पाहिले. शेवटचे दोन्ही स्तंभ रेषेच्या खालीच होते. मी मान डोलावली आणि त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या. २१५ हा आकडा त्यांनी तोंडी सांगितला असता तर मी खचितच तसे केले नसते. सहा आठवड्यांनी ते पायाच्या अंगठ्याची न भरणारी जखम दाखवायला आले, तेव्हा मी चित्र सोडून आकडे पाहिले. अंगठा वाचला, परंतु जखम भरून यायला अडीच महिने लागले. चूक संगणकाची नव्हती आणि मास्तरांची तर नव्हतीच.

आता योग्य पद्धतीकडे वळू. स्प्रेडशीटचे मर्म असे की, एका कप्प्यातील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असणारे सर्व काही आपोआप बदलते. १९७९ मध्ये डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आणले तेव्हापासून, लोटस आणि १९८५ साली आलेले एक्सेल यांच्यापर्यंत, सगळा डोलारा याच एका कल्पनेवर उभा आहे. हाताने ओढलेली रेघ या नियमाच्या बाहेर राहते. तिला नियमात आणायचे तर ती आकड्यांच्या रूपाने तक्त्यात लिहिली पाहिजे.

त्यासाठी तक्त्यात तीन रकाने करावेत: तारीख, साखर आणि मर्यादा. तक्त्याच्या वर एका मोकळ्या कप्प्यात १३० लिहावे. ‘मर्यादा’ या रकान्याच्या प्रत्येक ओळीत हाताने १३० भरत बसू नये. त्या वरच्या कप्प्याकडे बोट दाखवणारे सूत्र लिहावे आणि सूत्र खाली ओढताना बोट सरकू नये म्हणून कप्प्याच्या नावात डॉलरचे चिन्ह घालावे. मग तिन्ही रकाने निवडून नेहमीप्रमाणे स्तंभालेख करावा. प्रथम दृश्य विचित्र दिसेल: प्रत्येक तारखेला दोन स्तंभ, एक साखरेचा आणि एक मर्यादेचा. मर्यादेच्या कोणत्याही एका स्तंभावर उजवी कळ दाबून ‘चेंज सिरीज चार्ट टाइप’ निवडावे आणि त्या मालिकेपुरता ‘लाइन’ हा प्रकार द्यावा. मर्यादेचे सारे स्तंभ नाहीसे होऊन त्यांच्या माथ्यांवरून जाणारी एक आडवी रेषा उरते. एक्सेलच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत हीच गोष्ट ‘कॉम्बो’ या नावाखाली मिळते. आलेख आधीच तयार असेल तर तो मोडण्याचे कारण नाही. ‘मर्यादा’ रकाना कॉपी करावा, आलेखावर एकदा टिचकी मारावी आणि पेस्ट करावे. नवी मालिका आलेखात येऊन बसते, मग तिचा प्रकार बदलावा.

अशी रेषा अक्षाशी बांधलेली असते. अक्ष ३५० पर्यंत गेला तर रेषाही खाली उतरून १३० समोरच उभी राहते. उद्या मास्तरांचे वय व प्रकृती पाहून मर्यादा सैल करावीशी वाटली, तर वरच्या एका कप्प्यातील आकडा बदलला की पुरे.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना सरासरीची रेषा एका आज्ञेत तयार मिळते. ती सोय उपयोगी आहे, पण सरासरीला मर्यादा समजण्याचा मोह टाळावा. ज्याची साखर सदैव २०० च्या घरात असते त्याच्या सरासरीची रेषाही २०० वरच येणार, आणि त्याचे निम्मे स्तंभ त्या रेषेखाली सुखाने नांदणार.

कृती सोपी असली तरी तीत दोन-तीन खाचखळगे आहेत. पहिला सर्वांत धोक्याचा. ‘कॉम्बो’च्या खिडकीत प्रत्येक मालिकेसमोर ‘सेकंडरी ॲक्सिस’ असा एक चौकोन असतो. तेथे चुकून खूण झाली तर रेषा उजवीकडच्या दुसऱ्या अक्षावर जाते. त्या अक्षाचे मोजमाप स्वतंत्र असते. तेथील १३० आणि डावीकडील १३० एका उंचीवर असतीलच असे नाही. म्हणजे आपण पुन्हा माझ्या लाल काडीपाशी येऊन पोहोचलो, फरक एवढाच की या वेळी चूक अधिक सभ्य वेषात आहे. आलेखाच्या उजव्या कडेला अनाहूत आकडे दिसू लागले की सावध व्हावे.

दुसरी गोष्ट केवळ दिसण्याची. ही रेषा पहिल्या स्तंभाच्या मध्यापासून शेवटच्या स्तंभाच्या मध्यापर्यंतच जाते आणि दोन्ही टोकांना तोकडी वाटते. रेषेला ‘ट्रेंडलाइन’ जोडून तीत पुढे ०.५ व मागे ०.५ असे अंतर दिले की ती काठापासून काठापर्यंत पोहोचते. तिसरी गोष्ट छपाईची. आपल्याकडे कागद शेवटी झेरॉक्स होऊनच फिरतो. लाल आणि निळा दोन्ही तेथे करडे होतात. म्हणून रेषा तुटक ठेवावी आणि तिच्या उजव्या टोकाला तिचा आकडा लिहावा. त्यासाठी रेषेच्या केवळ शेवटच्या बिंदूवर दोनदा सावकाश टिचकी मारून तेवढ्यालाच ‘डेटा लेबल’ द्यावे. हा आकडाही तक्त्यातूनच येतो, त्यामुळे तो खोटे बोलू शकत नाही. माझ्या त्या कागदावर रेषेच्या टोकाला आकडा असता तर पुढचे काही घडले नसते. आणखी एक, तोही अनुभवाचाच बोल: एका रुग्णाचा तक्ता कॉपी करून दुसऱ्याचा करताना वरच्या कप्प्यातील मर्यादा पहिल्याचीच राहते. नवा रुग्ण आणि जुनी रेषा, असे होऊ देऊ नये.

रेषा सरळच असली पाहिजे, असा काही नियम नाही. रकान्यातील प्रत्येक ओळीला आपला आकडा असल्याने उकाईच्या रूल लेव्हलसारखी पायऱ्यांची रेषाही सहज होते. गर्भवतीचे हिमोग्लोबिन हे त्याचे उत्तम उदाहरण. रक्तक्षयाची जागतिक आरोग्य संघटनेची सीमा पहिल्या तिमाहीत ११, दुसरीत १०.५ आणि तिसरीत पुन्हा ११ ग्रॅम आहे, कारण मधल्या काळात रक्तातील पाण्याचा अंश वाढून हिमोग्लोबिन स्वाभाविकपणेच थोडे उतरते. आठवड्यांच्या रकान्याशेजारी हे आकडे भरले की मध्येच दबलेली एक रेषा तयार होते. तिसऱ्या तिमाहीत १०.७ असलेली भगिनी त्या रेषेच्या खाली दिसते. तीच दुसऱ्या तिमाहीत रेषेच्या वर असते. सरसकट ११ ची किंवा सरसकट १०.५ ची रेषा ओढणाऱ्याला हा भेद दिसत नाही.

कधी कधी आडव्या रेषेपेक्षा उभी रेषा अधिक बोलते. औषध कोणत्या दिवशी बदलले, शस्त्रक्रिया केव्हा झाली, पुराचे पाणी घरात केव्हा शिरले, हे आकड्यांच्या मालिकेत दाखवायचे असते. त्यासाठी ‘घटना’ असा चौथा रकाना करावा. ज्या तारखेला घटना घडली तेवढ्याच ओळीत अक्षाच्या माथ्याचा आकडा लिहावा, बाकीचे कप्पे रिकामे ठेवावेत आणि अक्षाचा माथा त्याच आकड्यावर कायम करावा. ही मालिकाही ‘लाइन’ प्रकारची करून तिला ‘एरर बार’ जोडावा; दिशा ‘मायनस’, प्रमाण १०० टक्के. त्या एकाकी बिंदूपासून तळापर्यंत एक उभी रेघ उतरते. दक्षिण गुजरातेत भातशेतीत आणि उसाच्या फडात राबणाऱ्यांमध्ये लेप्टोस्पायरोसिस आपण दरवर्षी मनात धरतो. पुरानंतर शहरातही तो धरावा लागतो. संसर्गानंतर ताप येण्यास बहुधा ५ ते १४ दिवस लागतात. तापाच्या रोजच्या आलेखावर पाणी शिरल्याच्या दिवशी उभी रेघ असली, की तिच्यापासून दोन दिवसांवरचा ताप आणि दहा दिवसांवरचा ताप यांकडे आपण एकाच नजरेने पाहत नाही.

येथवर रेषा कशी घालावी ते पाहिले. ती कोणत्या आकड्यावर घालावी, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि सुरतेच्या डॉक्टराला तो टाळता येणार नाही. ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगची वार्ता आली आणि सप्टेंबरात आपल्या शहरात फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, लाखोंनी शहर सोडले, स्थानकावर गाड्या मिळेनात. अनेक खासगी दवाखान्यांना कुलुपे लागली होती, हेही आपण विसरू नये. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि पुढे शहराचा कायापालट झाला, ही कथा सर्वज्ञात आहे. झाडू आणि कचरागाड्यांची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने कमी बोलली जाणारी सुधारणा म्हणजे आजारांची रोजच्या रोज घेतली जाणारी नोंद आणि तीत खासगी डॉक्टरांचा सहभाग. ताप, जुलाब, कावीळ यांचे आकडे रोज गोळा होऊ लागल्यावर ‘आज जास्त आहेत’ या वाक्याला प्रथमच अर्थ आला, कारण ‘एरवी किती असतात’ हे सांगता येऊ लागले.

एरवी किती असतात, याची रेषा प्रत्येक दवाखान्याला आपल्यापुरती काढता येते. साथशास्त्रात तिला रोगाची स्थानिक वहिवाट म्हणता येईल. गेल्या पाच वर्षांचे तापाचे मासिक आकडे बारा ओळींत आणि पाच रकान्यांत मांडावेत. प्रत्येक महिन्याच्या पाच आकड्यांचा मध्यक आणि तिसरा चतुर्थक काढावा. एक्सेलमध्ये ‘मीडियन’ आणि ‘क्वार्टाइल’ ही सूत्रे आहेत, दुसऱ्यात पुढे ३ हा अंक द्यावयाचा असतो. या दोन रकान्यांच्या दोन रेषा आणि त्यांवर चालू वर्षाचे स्तंभ. सुरतेत या रेषा कधीच सपाट येत नाहीत. जूनपासून त्या चढतात आणि दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात. स्तंभ वरच्या रेषेच्या वर गेला तर तो केवळ पावसाळा म्हणून सोडून देता येत नाही. पाच आकड्यांवर फार मोठे संख्याशास्त्र उभे राहत नाही, हे मान्य. तरीही आठवणीवर उभ्या असलेल्या ‘यंदा ताप फार आहे’ या अंदाजापेक्षा ते बरे.

सरासरी न घेता मध्यक का, असे व्यवसायबंधू विचारतील. एखादे वर्ष साथीचे असले तर त्याचा एकच प्रचंड आकडा सरासरीला वर ओढतो आणि पुढच्या साथीसाठी उंबरठाच उंच करून ठेवतो. पाच वर्षांत २००६ सारखे पुराचे साल किंवा २०२० व २०२१ ही कोविडची साले येत असतील तर ती वगळून आणखी मागची साले घेणेच इष्ट. दवाखाना महिनाभर बंद होता त्या महिन्याचा शून्यही खरा शून्य नव्हे. रोजच्या आलेखात रविवारी तेच घडते. तेथे शून्य लिहू नये, कप्पा रिकामा ठेवावा. रुग्ण आला नाही आणि दार उघडलेच नाही, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

रेषेच्या वर गेलेला प्रत्येक बिंदू धोक्याचा आणि खाली असलेला प्रत्येक निर्धोक, असेही नाही. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट या अभियंत्याने मे १९२४ मध्ये टेलिफोनच्या कारखान्यासाठी पहिला नियंत्रण आलेख आखला. मधली रेषा सरासरीची आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर दोन सीमारेषा, अशी त्याची रचना. सीमेबाहेर गेलेल्या बिंदूचे कारण शोधावे, आतील चढउतारांमागे धावू नये, हा त्यातील विचार. याच कारखानदारीतून पुढे असा नियम आला की, सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले तर एकही सीमेबाहेर नसताना काहीतरी बदलले आहे असे मानावे. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांतील संसर्गाचा मासिक आलेख ठेवणाऱ्या रुग्णालयांना हा नियम फार उपयोगी पडतो. लूमवर धाग्याचा ताण बिघडू लागला की कापड फाटण्याआधीच जाणत्या कारागिराला कळते. त्याचे तर्कशास्त्र याहून फारसे वेगळे नसावे.

आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना रेषेचे माहात्म्य मी सांगण्याची आवश्यकता नाही. १९५४ मध्ये फ्रीडमन यांनी प्रसूतीची प्रगती आलेखात मांडली, परंतु त्या आलेखावर कृतीची रेषा ओढली ती १९७२ मध्ये फिलपॉट व कॅसल यांनी, त्या वेळच्या ऱ्होडेशियात. तासाला एक सेंटिमीटर या गतीने चढणारी सूचनारेषा आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर समांतर कृतिरेषा. हे चार तासांचे अंतर मला त्या आलेखातील सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. दूरच्या केंद्रातील सुईणीने पहिली रेषा ओलांडलेली स्त्री मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावी आणि दुसरी रेषा येण्याआधी ती तेथे पोहोचावी, असा त्यात हिशेब आहे. गाडी, रस्ता आणि रात्र यांना त्या आलेखात जागा आहे. १९९४ मध्ये आग्नेय आशियातील ३५,४८४ स्त्रियांच्या अभ्यासात या आलेखाच्या वापराने लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्याचे प्रसिद्ध झाले.

आणि तरीही ती रेषा चिरंतन ठरली नाही. पुष्कळ निरोगी स्त्रियांची प्रगती तासाला एक सेंटिमीटरहून मंद असते, असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या प्रसूती मार्गदर्शिकेतून सूचनारेषा काढून टाकली. तिच्या जागी प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी कालमर्यादा आली: ५ सेंटिमीटरला ६ तास, ६ ला ५ तास, ७ ला ३ तास, ८ ला अडीच आणि ९ ला २ तास. पुन्हा एकदा पायऱ्यांचीच रेषा! मधुमेहाच्या निदानाची उपाशीपोटीची सीमा १९९७ मध्ये १४० वरून १२६ वर आली, तेव्हा आपल्यातील ज्येष्ठांनी हाच अनुभव घेतला होता. शुक्रवारी निरोगी असलेला गृहस्थ सोमवारी मधुमेही झाला, त्याच्या रक्तात मात्र काहीच बदलले नव्हते. म्हणून तक्त्याच्या वरच्या कप्प्यात मर्यादेचा आकडा लिहिताना शेजारच्या कप्प्यात ती कोणी व कोणत्या साली ठरवली, हेही लिहून ठेवावे. पाच वर्षांनी तक्ता उघडणाऱ्याला, आणि तो बहुधा आपणच असतो, ते उपयोगी पडते.

मास्तर अजूनही येतात. जखम भरल्यानंतर त्यांना मी सारा प्रकार सांगितला. आपल्या चुकीचे वर्णन रुग्णासमोर करणे सोपे नसते. त्यांनी दोन्ही जुने कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “साहेब, कापड तेच, फूटपट्टीच बदलली.” आता कागद हाती दिला की ते आधी स्तंभांकडे पाहत नाहीत. चष्मा कपाळावरून खाली घेतात, बोट रेषेवरून उजवीकडे नेतात, टोकाचा आकडा मोठ्याने वाचतात आणि मगच विचारतात, “ही रेषा १३० चीच ना?”